तंतुकणिका आणि उस्ताद

आठवीची मुले घोकतात : तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र. पुस्तकातली शेंगेसारखी आकृती मात्र अर्धीच गोष्ट सांगते. जिवंत पेशीत तंतुकणिका सतत जुळतात, तुटतात, लांबतात. हृदयाच्या स्नायूत तर त्यांची दाटीच असते. मधुमेहात हृदय कमजोर का पडते, याचे एक उत्तर संशोधक त्यांच्यातच शोधत आहेत.

त्यांपैकी एक डॉ. डेल एबल. जन्म जमैकाचा, डॉक्टरकीचे शिक्षण वेस्ट इंडीजमध्ये, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत अँटेंटर हिंटन हे कृष्णवर्णीय तरुण आले. हिंटन यांची पदवी विन्स्टन-सेलम स्टेटची; कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८९२ साली सुरू झालेली ही संस्था. आज ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात तंतुकणिकांचे त्रिमितीय आकार अभ्यासतात. शिवाय नवख्या संशोधकांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी विज्ञानाकडे गेले नाही अशांसाठी, सातत्याने लिहितात. कामाचा बोजा वाढला की ‘नाही’ कसे म्हणावे, यावरसुद्धा! हे क्रमिक पुस्तकात नसते, उस्तादच सांगतो.

आपल्याकडे नेमके तेच अडते. मुलगी एम.एस्सी. होते, गुण उत्तम, आणि गाडी थांबते. सीएसआयआरची नेट परीक्षा आणि जेआरएफ ही नावेच घरात पोचलेली नसतात. मी पीएच.डी.चा विषय काढला की अब्बा हळूच विचारतात, “सर, फी किती?” जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे मुलीलाच दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हे ऐकून ते अम्मीला हाक मारतात.