लाडवावरचा बेदाणा

फेब्रुवारी उजाडला की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत या पट्ट्यात बेदाण्याच्या शेड भरू लागतात. द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षं जाळीच्या रॅकवर पसरायची, दोन-तीन आठवडे वाळू द्यायची. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा हाती येतो. शेडवर राखणीला कुत्रं असतंच. काडीकचरा निवडताना खाली सांडलेला माल ते चघळत बसतं आणि कुणी हटकत नाही. गोड खातंय, खाऊ दे!

सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण हाच बेदाणा, मनुका आणि ताजी द्राक्षंसुद्धा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, ही गोष्ट द्राक्षाच्या गावातच सगळ्यांत आधी ठाऊक हवी. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2001 मध्ये अशा विषबाधेची नोंद प्रसिद्ध केली, तरी नेमकं काय बाधतं हे वीस वर्षं उमगलं नव्हतं. 2021 मध्ये संशयाची सुई टार्टारिक आम्लाकडे वळली. ते द्राक्षात भरपूर असतं आणि आपल्या आमटीतल्या चिंचेतही. द्राक्षाची जात, पिकलेपणा यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं. म्हणूनच ‘आमचा तर नेहमी खातो, त्याला कुठं काय झालं?’ या म्हणण्यावर विसंबता येत नाही. वजनाच्या किलोमागे तीनेक ग्रॅम बेदाण्यानेही बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. दहा किलोच्या कुत्र्याला तीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ. इतकं चालेल, असं खात्रीचं प्रमाण कुणीच सांगू शकत नाही.

आता दिवाळीचं ताट बघा. रव्याच्या लाडवावर बेदाणा, करंजीच्या सारणात बेदाणा, चिवड्यात बेदाणा आणि जोडीला तळलेला कांदा-लसूण. पोरं एक घास आपल्याला, एक कुत्र्याला असं करत खातात. पहिल्या दिवसात उलट्या सुरू होतात, खाणं सुटतं, कुत्रं मलूल पडतं. फराळाने पोट बिघडलं असेल म्हणून घरचे वाट बघतात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, कधी पार थांबते, आणि मग डॉक्टरांच्या हातातही फारसं उरत नाही.

म्हणून लक्षणांची वाट बघायचीच नाही. बेदाणे खाल्लेले दिसले की लगेच पशुवैद्य गाठायचा. पहिल्या दोन तासांत इंजेक्शन देऊन उलटी करवता आली तर बरंचसं विष बाहेर पडतं. पुढे दोन दिवस सलाईन आणि रक्ततपासणी लागते. घरी मिठाचं पाणी पाजू नका. त्या मिठाचीच विषबाधा होते. तेल किंवा ताक बळंच ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

कांद्याचं दुखणं वेगळं. लोणंदच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात आणि सातारा-सांगलीकडचा रस्सा कांदा-लसणाशिवाय होत नाही. उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून दारच्या कुत्र्याला घालायची आपली जुनी रीत. त्यामागची माया खरी आहे, पण कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी दोष जात नाही, आणि लक्षणं कधी कधी चार-पाच दिवसांनी दिसतात. भाकरी खुशाल द्या, सोबत मसाल्याविना उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेलं चिकन द्या. शिजवलेलं हाड मात्र नको. त्याच्या चिरफळ्या आतड्यात रुततात.

एक तपासणी घरच्या प्रत्येकाला यायला हवी. कुत्र्याचा वरचा ओठ अलगद उचला. हिरडी ओलसर, गुलाबी दिसायला हवी. तिच्यावर अंगठा दाबा. जागा पांढरी पडेल. अंगठा काढल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. हिरडी फिकट किंवा पिवळसर असेल, लघवी चहासारखी होत असेल, तर थांबू नका. कांद्याच्या बाधेत असं होतं, गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही होतं. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते. अशा वेळी डोळ्याची खालची पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा.

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं ते नाना पाटील वाळवा तालुक्यातले, आणि ब्रिटिशांविरुद्ध त्यांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा आजच्या सांगलीतला हा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. आजही अवघड केससाठी दोन्ही जिल्ह्यांतले लोक शिरवळचं नाव काढतात. पण जतहून तिथे पोहोचायला चार-पाच तास सहज जातात, आणि बेदाण्याचं विष तेवढा वेळ देत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा भर गाई-म्हशींवर असतो, हेही ध्यानात ठेवावं. आपल्या भागात कुत्र्यांवर उपचार करणारे पशुवैद्य कोण, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नि पाडव्याला त्यांच्यापैकी कोण भेटेल, हे वसुबारसेच्या आधी विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फोनवर डॉक्टर तीन गोष्टी विचारतील: कुत्र्याचं वजन किती, खाल्लं काय आणि किती, आणि केव्हा. वजन आजच करून ठेवा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहून फरक काढायचा.