काव्यातून आलेले नाव : स्वेतलाना

माणसाला नाव कोण देते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक समाजांत धर्म, कुळ आणि परंपरा यांच्यापाशी मिळते. देवतेचे, संताचे किंवा आजी-आजोबांचे नाव मुलाला ठेवले जाते आणि त्यामागे अनेक पिढ्यांची मान्यता उभी असते. रशियन भाषेत घरोघरी पोहोचलेले ‘स्वेतलाना’ हे स्त्रीनाम मात्र असल्या कोणत्याही आधाराशिवाय रूढ झाले. ते कोणत्याही संत स्त्रीचे नव्हते, राजकुळातून आलेले नव्हते आणि मौखिक परंपरेनेही ते सांभाळून ठेवलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन कवींनी ते कवितेत आणले, शंभर वर्षे ते कवितेतच राहिले आणि धर्मसत्तेचा अधिकार संपताच ते जन्मनोंदणीच्या दप्तरात उतरले. एका नावाच्या या प्रवासात रशियन समाजाच्या दोन शतकांच्या स्थित्यंतराचा आलेख उमटलेला आहे.

नामकरण आणि संतदिनदर्शिका

स्वेतलानाचे वेगळेपण कळण्यासाठी क्रांतिपूर्व रशियातील नामकरणाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. दहाव्या शतकाच्या अखेरीस कीव्हच्या राजसत्तेने पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला आणि त्यानंतर हळूहळू नामकरण हा बाप्तिस्म्याच्या विधीचा भाग झाला. चर्चची एक संतदिनदर्शिका असे, तिला रशियन भाषेत ‘स्व्यात्त्सी’ म्हणतात. वर्षाच्या प्रत्येक दिवशी कोणत्या संतांचे स्मरण करायचे हे तीत नोंदलेले असते आणि मुलाचे नाव त्यातूनच निवडावे लागे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून मुलाच्या नावाचे आद्याक्षर काढण्याची मराठी घरांतली रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पद्धतीची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की तेथे केवळ अक्षर नव्हे, तर संपूर्ण नावच दिनदर्शिकेतून येई.

या व्यवस्थेमुळे रशियन माणसांची बहुतेक नावे मुळात ग्रीक, लॅटिन किंवा हिब्रू राहिली. तात्याना, एलेना, मारिया, अन्ना ही सारी रशियन वाटणारी नावे परभाषेतून आलेली आहेत. स्लाव्ह धातूंपासून बनलेली जी थोडी नावे दिनदर्शिकेत टिकली, त्यांच्यामागे संतपद होते. ‘ल्युदमिला’ हे नाव बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, राजघराण्याच्या ल्युदमिला या स्त्रीमुळे मान्य झाले, इ. स. ९२१ मध्ये तेतीन येथे गळा आवळून तिची हत्या करण्यात आली आणि पुढे तिला संत मानले गेले. वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव (श्रद्धा, आशा आणि प्रेम) ही तीन नावे ग्रीक संतनामांची भाषांतरे म्हणून स्वीकारली गेली. स्वेतलानाकडे मात्र संतही नव्हता आणि ग्रीक मूळही नव्हते. ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश आणि ‘स्वेतली’ म्हणजे तेजस्वी, या शब्दांपासून ते घडलेले असल्याने त्याचा अर्थ प्रत्येक रशियन माणसाला ऐकताक्षणी कळत होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा धातू आणि संस्कृतातील ‘श्वेत’ यांचे मूळ एकच आहे.

दोन कवी, एक नायिका

रशियन साहित्यात हे नाव ठळकपणे प्रथम येते ते अलेक्सांद्र वोस्तोकोव (१७८१–१८६४) यांच्या ‘स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव’ या कथाकाव्यात. वोस्तोकोव यांनी ते १८०२ मध्ये लिहिले आणि १८०६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बाल्टिक समुद्रातील बेटावर एका जर्मन कुळात जन्मलेले वोस्तोकोव पुढे स्लाव्ह भाषाशास्त्राचे एक प्रवर्तक ठरले आणि अकराव्या शतकातील ओस्त्रोमिर शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८४३ मध्ये निघाली. प्राचीन स्लाव्ह जगाचे वातावरण उभे करताना, त्या जगात शोभेल असे नाव त्यांनी नायिकेला द्यावे, हे त्यांच्या अभ्यासाला साजेसेच होते.

नाव वोस्तोकोव यांनी आणले, तरी ते लोकांच्या ओठी बसवले वासिली झुकोव्स्की (१७८३–१८५२) यांनी. जर्मन कवी ब्युर्गर यांच्या ‘लेनोरे’ या बॅलडने, म्हणजे गेय कथाकाव्याने, त्या काळातील युरोप भारावून टाकला होता. युद्धावरून न परतलेल्या प्रियकरासाठी लेनोरे देवाला दोष देते. मध्यरात्री तो घोड्यावरून येतो आणि तिला थेट थडग्यात नेतो, असे त्याचे कथानक आहे. झुकोव्स्की यांनी १८०८ मध्ये ‘ल्युदमिला’ या नावाने त्याचे रशियन रूपांतर केले आणि त्यातील नायिकेचा शेवटही तसाच दारुण ठेवला. मात्र त्याच वर्षी त्यांनी त्याच सामग्रीवर दुसरे काव्य हाती घेतले, त्यावर चार वर्षे काम केले आणि १८१३ मध्ये ‘स्वेतलाना’ प्रसिद्ध केली.

या दुसऱ्या काव्यात कथेचा सूरच पालटलेला आहे. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या पूर्वसंध्येला रशियन खेड्यांतील मुली भविष्य पाहण्याचे खेळ खेळत. फाटकाबाहेर पायातील जोडा फेकणे, वितळलेले मेण पाण्यात ओतून त्याचे आकार वाचणे असे ते प्रकार होते. वर्षभर प्रियकराची वार्ता नसलेली स्वेतलाना मध्यरात्री आरसा आणि मेणबत्ती समोर ठेवून बसते, प्रियकर येतो, बर्फातून घसरगाडी धावते, वाटेतल्या चर्चमध्ये शवपेटी दिसते आणि एका एकाकी झोपडीत ती प्रेतासमोर उभी ठाकते. तेथे एक पांढरे कबूतर तिचे रक्षण करते. मग तिला जाग येते. घडले ते सारे स्वप्न होते आणि सकाळी प्रियकर जिवंत, सुखरूप परत येतो. जर्मन कथेतील शिक्षेच्या जागी झुकोव्स्की यांनी विश्वासाचे फळ ठेवले आणि परक्या कथानकाला रशियन हिवाळा, रशियन लोकाचार व रशियन नाव दिले. हे काव्य त्यांनी आपली भाची अलेक्सांद्रा प्रोतासोवा हिच्या विवाहाची भेट म्हणून अर्पण केले आणि ती स्वतःच स्नेह्यांमध्ये ‘स्वेतलाना’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

काव्याचा प्रभाव लवकरच दूरवर पसरला. १८१५ ते १८१८ या काळात सेंट पीटर्सबर्गमध्ये चाललेल्या ‘अर्झामास’ या साहित्यमंडळातील सदस्य झुकोव्स्की यांच्या बॅलडांतून आपली टोपणनावे घेत आणि खुद्द झुकोव्स्की तेथे ‘स्वेतलाना’ होते. पुश्किन यांनी ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीत तात्यानाची तुलना स्वेतलानाशी केली आणि तात्यानाच्या स्वप्नाचे वर्णन असलेल्या पाचव्या सर्गाच्या शिरोभागी झुकोव्स्की यांच्याच ओळी घेतल्या. १८३६ मध्ये चित्रकार कार्ल ब्र्युल्लोव यांनी आरशापुढे बसलेली स्वेतलाना रंगवली. स्वेतलाना आता रशियन स्त्रीचे एक आदर्शचित्र झाली होती.

नाव जहाजाला चालते, मुलीला नाही

इतकी लोकप्रियता मिळूनही एकाही मुलीचा बाप्तिस्मा या नावाने होऊ शकत नव्हता, कारण दिनदर्शिकेत ते नव्हते. परिणामी पुढील कित्येक दशके हे नाव माणसांऐवजी वस्तूंना मिळत राहिले. फ्रान्समध्ये बोर्दो येथे बांधलेल्या आणि १८५८ मध्ये पाण्यात उतरलेल्या रशियन फ्रिगेटला ते देण्यात आले. या जहाजाच्या १८७३ मधील भेटीच्या स्मरणार्थ व्लादिवोस्तोकच्या मुख्य रस्त्याचे नाव स्वेतलान्स्काया ठेवले गेले. सोव्हिएत काळात तो लेनिनच्या नावाने ओळखला गेला आणि नंतर त्याचे जुने नाव त्याला परत मिळाले. याच नावाची दुसरी युद्धनौका मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानी आरमाराशी झुंजताना बुडाली. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर सेंट पीटर्सबर्गच्या एका कारखान्यात बनू लागलेल्या विजेच्या दिव्यांनाही ‘स्वेतलाना’ हेच नाव मिळाले आणि पुढे तो कारखानाच त्या नावाने प्रसिद्ध झाला.

मुलींसाठी चर्चने सुचवलेला पर्याय ‘फोतिना’ किंवा ‘फोतिनिया’ हा होता. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या शोमरोनी स्त्रीला ऑर्थोडॉक्स परंपरा या नावाने ओळखते आणि प्रकाश या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते बनलेले आहे. अर्थ तोच असला, तरी कवितेच्या वाचकांना हवे होते ते कवितेतलेच नाव.

क्रांतीनंतरची पहिली पिढी

डिसेंबर १९१७ मध्ये बोल्शेविक सरकारने जन्म आणि विवाह यांची नोंद चर्चकडून काढून नागरी कचेऱ्यांकडे दिली आणि शतकानुशतकांचे बंधन एका हुकमाने संपले. आईवडील आता वाटेल ते नाव ठेवू शकत होते. लेनिनचे नाव उलट वाचून ‘निनेल’ आणि ऑक्टोबर क्रांतीवरून ‘ओक्त्याब्रिना’ अशी नावे निघाली. त्यांतली बहुतेक एका पिढीपलीकडे टिकली नाहीत. स्वेतलाना मात्र टिकले, कारण ते चर्चचे नसल्याने नव्या सत्तेला चालणारे होते आणि कवितेचे असल्याने जुन्या सुशिक्षित घरांनाही प्रिय होते. क्रांतीच्या दोन्ही बाजूंना आपले वाटेल असे दुसरे नाव सापडणे अवघड होते.

नव्या राज्याच्या नेत्यांनी ते लवकर उचलले. निकोलाय बुखारिन यांची १९२४ मध्ये जन्मलेली मुलगी स्वेतलाना होती आणि २८ फेब्रुवारी १९२६ रोजी जन्मलेली स्तालिन यांची मुलगीही स्वेतलाना होती. अर्कादी गायदार यांच्या १९३६ मधील ‘निळा कप’ या बालकथेतील छोटी मुलगी याच नावाची आहे. त्यानंतरच्या चार दशकांत प्रत्येक शाळेच्या वर्गात एखादी तरी ‘स्वेता’ असे; स्वेता, स्वेतोच्का आणि लाना ही त्याची घरगुती रूपे आहेत. युक्रेनी भाषेत ते ‘स्वितलाना’, बेलारूसीत ‘स्व्यातलाना’ झाले, तर सर्बियन घरांत त्याचे लाडके रूप ‘त्सेत्सा’ असे आहे.

नाव धारण करणाऱ्या स्त्रिया

या पिढीच्या आरंभी उभी असलेली स्तालिन यांची मुलगी स्वेतलाना आलिलुयेवा (१९२६–२०११) हिच्या जीवनाचा भारताशी थेट संबंध आला. वडिलांच्या मृत्यूनंतर तिने आईचे आडनाव घेतले. मॉस्कोतील रुग्णालयात तिची ओळख उत्तर प्रदेशातील कालाकांकरच्या राजघराण्यातले कम्युनिस्ट ब्रजेश सिंह यांच्याशी झाली. सोव्हिएत सरकारने त्यांना विवाहाची परवानगी दिली नाही. १९६६ मध्ये ब्रजेश सिंह यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली, गंगाकाठच्या कालाकांकरमध्ये राहिली आणि ६ मार्च १९६७ रोजी दिल्लीतील अमेरिकी दूतावासात जाऊन तिने आश्रय मागितला. त्याच वर्षी तिचे ‘मित्राला वीस पत्रे’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील विवाहानंतर ती ‘लाना पीटर्स’ म्हणून जगली. वडिलांच्या नावाच्या सावलीतून बाहेर पडण्यासाठी तिने देश सोडला, धर्म स्वीकारला आणि अखेर स्वतःचे नावही आखूड केले.

तिच्यानंतरच्या पिढीतील दोन स्वेतलाना १९४८ या एकाच वर्षी जन्मल्या. मॉस्कोत जन्मलेल्या स्वेतलाना साविट्स्काया या वायुदलातील मार्शलच्या कन्या. १९७० मध्ये त्यांनी विमानांच्या कसरतींचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि १९८२ मध्ये त्या अंतराळात जाणाऱ्या दुसऱ्या स्त्री ठरल्या. २५ जुलै १९८४ रोजी ‘सॅल्यूत ७’ या अंतराळस्थानकाबाहेर पडून त्यांनी साडेतीन तासांहून अधिक काळ धातू कापण्याचे आणि जोडण्याचे प्रयोग केले. यानाबाहेर काम करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री होत. त्याच स्थानकावर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा राहून गेले होते. दुसरी स्वेतलाना म्हणजे पश्चिम युक्रेनमध्ये बेलारूसी वडील आणि युक्रेनी आई यांच्या पोटी जन्मलेल्या स्वेतलाना अलेक्सियेविच. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या स्त्रिया, अफगाण युद्धातून शवपेट्यांतून परतलेल्या मुलांच्या माता आणि चेर्नोबिलची माणसे यांच्या मुलाखतींतून त्यांनी अनेक आवाजांची गद्यरचना उभी केली आणि २०१५ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. साविट्स्काया पुढे कम्युनिस्ट पक्षाकडून रशियाच्या संसदेत गेल्या, तर अलेक्सियेविच यांनी सोव्हिएत माणसाच्या वेदनेचा हिशेब मांडला आणि २०२० मध्ये त्यांना बेलारूस सोडावे लागले.

क्रीडा आणि कला या क्षेत्रांतही हे नाव वारंवार झळकले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्वेतलाना मास्तेरकोवा यांनी ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. स्वेतलाना खोरकिना यांनी १९९६ आणि २००० मध्ये असमान दांड्यांवरील जिम्नॅस्टिक्सचे सुवर्णपदक मिळवले. स्वेतलाना कुझ्नेत्सोवा यांनी २००४ मध्ये अमेरिकन आणि २००९ मध्ये फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेचे विजेतेपद पटकावले. युक्रेनमधील लुत्स्क येथे जन्मलेल्या स्वेतलाना झाखारोवा बोल्शोय नाट्यगृहाच्या प्रमुख नर्तिका झाल्या. खार्कीव्हमध्ये जन्मलेल्या गणिती स्वेतलाना जितोमिरस्काया यांना २०२२ मध्ये लादिझेन्स्काया पारितोषिकाची पहिली मानकरी होण्याचा मान मिळाला.

अलीकडच्या काळात या नावाला राजकीय धार आली ती बेलारूसमध्ये. पती तुरुंगात गेल्यावर इंग्रजीच्या शिक्षिका असलेल्या स्व्यातलाना त्सिखानोउस्काया यांनी त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी भरली. ९ ऑगस्ट २०२० च्या मतदानानंतर अधिकृत निकालात त्यांना सुमारे १० टक्के मते दाखवण्यात आली, त्या निकालाविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि देश सोडून लिथुएनियात गेलेल्या त्सिखानोउस्काया लोकशाहीवादी चळवळीच्या प्रमुख आवाज बनल्या.

नाव देण्याचा अधिकार

सोव्हिएत संघ कोसळल्यावर चर्चचे महत्त्व पुन्हा वाढले आणि लक्षावधी प्रौढ स्त्रियांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतल्या कित्येक स्वेतलानांना विधीत ‘फोतिनिया’ हे नाव मिळाले. त्यामुळे कागदोपत्री कवितेतले आणि प्रार्थनेत संतदिनदर्शिकेतले, अशी दोन नावे एकाच व्यक्तीच्या जीवनात शांतपणे एकत्र नांदू लागली. जे नाव शंभर वर्षे दाराबाहेर उभे ठेवले गेले, त्याच्याशी चर्चला अखेर जुळवून घ्यावे लागले. पाळण्यातल्या मुलींना ते आता पूर्वीइतके दिले जात नाही, कारण प्रत्येक पिढी आजीच्या पिढीतील नावे काही काळ बाजूला ठेवतेच.

या इतिहासाचे सार असे की, नावाला मान्यता मिळवून देण्याची शक्ती धर्मपीठ आणि राज्यसत्ता यांच्याइतकीच समाजाच्या कल्पनाशक्तीतही असते. चर्चने स्वेतलाना नाकारले आणि राज्याने तिला आपलेसे केले. पण तिला जिवंत ठेवले ते या दोघांनीही नव्हे, तर झुकोव्स्की यांचे काव्य वाचणाऱ्या, पाठ करणाऱ्या आणि मुलींना ऐकवणाऱ्या सामान्य वाचकांनी. हुकूमशहाची कन्या, अंतराळयात्री, नोबेल मानकरी लेखिका आणि निर्वासित राजकीय नेत्या यांच्यात मतांचे काहीही साम्य नाही, तरीही त्या सर्वांचे नाव एकाच काव्याचे देणे आहे. भाषेला आणि समाजाला साहित्य किती दीर्घकाळ काही देत राहू शकते, याचे इतके ठसठशीत उदाहरण नामशास्त्रात दुर्मीळ आहे आणि म्हणूनच ते साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे.