हरवलेला रानपिंगळा

मंडळी, पिंगळा तुम्ही पाहिला असेल. दिवे लागले की जुन्या झाडाच्या ढोलीतून बाहेर येते आणि चिरचिर ओरडते, ते वाटोळ्या डोळ्यांचे लहान घुबड. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा निराळा, बरं का! पक्ष्याचा एक भाऊबंद रानात राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो आणि सरडे, उंदीर पकडतो.

१८७२ साली आजच्या छत्तीसगडात ब्ल्यूइट नावाच्या साहेबाला हा पक्षी प्रथम मिळाला. पुढे काही आपल्या खानदेशातही मिळाले. त्या काळी पक्षी मारायचा, कातडे भरून विलायतेला पाठवायचे, अशी रीत होती. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाला दिसेना.

मग एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सांगितले, "१९१४ साली मी गुजरातेत एक मारला." लोकांनी ते खरे मानले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ते कातडे नीट तपासले. ते होते संग्रहालयातून चोरलेले जुनेच कातडे! नव्याने शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. बाईंनी त्या चिठ्ठीचा नाद सोडला आणि जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. पुढे तो मेळघाटात आणि यावलच्या रानातही सापडला. २०१४ साली तर आमच्या ठाणे जिल्ह्यात, तानसाच्या अभयारण्यात दिसला. काशीगावाहून तानसा काही फार लांब नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा एका आजोबांनी विचारले, "गुरुजी, इतके थोडे उरलेत, तर पकडून पिंजऱ्यात का नाही वाढवत?"

प्रश्न रास्त आहे. सगळे मिळून हजाराच्या आतच असतील, असा जाणकारांचा अंदाज आहे. माळढोकाच्या बाबतीत असा हात घालावाच लागला. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ते कुत्री खातात. मोठे पक्षी विजेच्या तारांवर आपटून मरतात. एके काळी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक दिसायचे. पण देशभर ते इतके घटले की २०१९ पासून राजस्थानात त्यांची अंडी उचलून, यंत्रात उबवून पिल्ले वाढवतात.

रानपिंगळ्यावर अजून ती पाळी आलेली नाही. त्याला लागते ढोली. ती त्याला स्वतः कोरता येत नाही. ढोली असते जुन्या झाडाला, आणि जुने झाड आपण निरुपयोगी म्हणून आधी तोडतो. सरपण लागते, हेही खरेच. नुसते "झाड तोडू नका" म्हणून कुणाची चूल पेटत नाही. रानातल्या माणसाला जळणाची दुसरी सोय आधी करून द्यायला हवी, असे आमचे मत आहे.

दुसरे भय आपल्या समजुतीचे. घुबड ओरडले की कुणी मरते म्हणतात. आम्हीही लहानपणी पिंगळ्याला दगड मारलेत. करणीसाठी घुबडे विकणारेही आहेत. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय हल्ली शहरातले हौशी लोक फोटोसाठी घरट्यापाशी गर्दी करतात. त्यांनाही आवरायला हवे.

आजोबांना हे अर्धेच पटले. "आणि उद्या शंभरच उरले तर?" ते म्हणाले.

तर मग अंडी उचलावी लागतील. माळढोकाच्या वेळी तिथवर यायला फार उशीर झाला. म्हणून रानपिंगळ्याची मोजणी वरचेवर व्हायला हवी.