दोघं, एक बाईक आणि एका दिवसाची रॅली

आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे: बायकोला किंवा नवऱ्याला मागे बसवून बाईक रॅलीला एका दिवसात जाऊन येता येतं का? आम्ही दोघं राहतो एकलहऱ्यात, औष्णिक वीज केंद्राजवळ. त्यामुळे सगळा हिशोब इथूनच धरतो.

रॅली म्हणजे नेमकं काय?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे शर्यत, डकारसारखी. २०१५ मध्ये सी. एस. संतोष ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. दुसरा अर्थ म्हणजे बाईकवाल्यांचा मेळावा. गाड्या बघायच्या, माणसं भेटायची, गाणी ऐकायची. २०१३ मध्ये गोव्यात सुरू झालेला इंडिया बाईक वीक हा असाच मेळावा. इथून गोवा एका दिवसात जाऊन येणं शक्यच नाही. पण २०२१ मध्ये, ४ आणि ५ डिसेंबरला, तो लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीत भरला आणि 'सकाळी जाऊ, रात्री येऊ' हा विचार डोक्यात येणं साहजिक होतं.

घड्याळाचा हिशोब

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, तळेगाव, लोणावळा आणि पुढे अ‍ॅम्बी व्हॅली. साधारण २५० किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून तळेगावनंतर जुना मुंबई-पुणे रस्ता. सरासरी ४५ चा वेग धरला तर साडेपाच तास, चहा-नाश्ता धरून साडेसहा. पहाटे ५ ला निघालात तर साडेअकराला पोहोचाल. दुपारी साडेतीनला परत फिरलात, तरी डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे मेळाव्यात चार तास, आणि परतीचा अर्ध्याहून जास्त रस्ता अंधारात. तेही दमलेल्या अंगाने, ट्रकच्या गर्दीत.

मागच्या माणसाने गाडीत काय बदलतं?

५५-६० किलो वजन मागच्या चाकावर येतं. मागचा सस्पेन्शन दबतो, पुढचं टोक हलकं होतं आणि हेडलाईटचा झोत वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड, आपल्या रस्त्यावर अंधार! त्यामुळे निघण्याआधी तीन कामं:

१. टायर थंड असताना हवा भरा. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे वेगळे आकडे असतात. दोघांचा आकडा घ्या.
२. मागच्या शॉकअपचा प्रीलोड टूलकिटमधल्या पान्याने एक-दोन खाचा वाढवा.
३. दोघं बसून हेडलाईटचा झोत भिंतीवर तपासा आणि खाली घ्या.

ओढणी असेल तर जॅकेटच्या आत. साडीगार्ड काढून टाकू नका, नियमात तो उगाच दिलेला नाही. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय मार्कचं. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपापुरतं हेल्मेट मागून घेणारेही दिसले. पण मागे बसणाऱ्याचं डोकं काही वेगळ्या मटेरियलचं नसतं ना?

खरा धोका: डुलकी

ज्याच्या हातात हँडल आहे तो जागा राहतो, कारण त्याला काम आहे. मागच्याला काम नाही. वारा, इंजिनाचा एकसुरी आवाज, पोटात दुपारचं जेवण, डोळे मिटायला अजून काय हवं? ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तेवढ्यात मागचा माणूस एका बाजूला कलला, तर चालवणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे: थांबायचं की नाही, हे मागे बसणारी व्यक्ती ठरवते. खांद्यावर दोन थापा म्हणजे पुढच्या उजेडाच्या, सुरक्षित जागी गाडी बाजूला. 'अजून दहाच किलोमीटर गं' चालणार नाही. दर तासाला उतरून पाय मोकळे करायचेच. आणि अंधार पडल्यावर तिने 'आज पुरे' म्हटलं, की चाकण, मंचर, संगमनेर, जिथे असू तिथे लॉज बघायचा.

मग जायचं का?

जायचं! पण २५० किलोमीटरवरचा मेळावा असेल तर एका रात्रीचे पैसे आणि रविवार हातात ठेवून. 'एका दिवसात' हा शब्द १०० किलोमीटरच्या आतल्या भेटींसाठी ठेवा. तिथे उजेडात घरी येता येतं.

पुढच्या भागात चेनची देखभाल. तोवर, निघण्याआधी मागच्या सीटला विचारा.