मातीचा अहवाल नीट वाचा

दुकान किंवा गोदाम बांधण्यापूर्वी आपले व्यापारी बांधव हल्ली माती तपासून घेतात, ही चांगली गोष्ट आहे. पण अहवालातील आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, असे आम्ही सुचवतो.

समजा, काळ्या चिकण मातीचा नमुना प्रयोगशाळेत दर चौरस मीटरला १० टन दाबाखाली फुटला. म्हणजे तिच्यावर १० टन भार चालेल, असे नव्हे. मातीची कातरशक्ती याच्या निम्मी, ५ टन धरतात. आय.एस. ६४०३ (१९८१) या भारतीय मानकातील ५.१४ या गुणकाने तिला गुणले की सुमारे २५.७ टन येतात. एवढ्या भाराला पट्टीच्या पायाखालची माती सरकते. सुरक्षेसाठी त्याला ३ ने भागले की साडेआठ टन उरतात.

नमुना उन्हाळ्यात घेतला असेल तर तोही आकडा फसवा. हीच माती पावसात भिजून मऊ पडते, फुगते आणि भिंतींना तडे जातात.

म्हणून इंजिनिअर साहेबांना दोन गोष्टी विचाराव्यात: नमुना भिजवून तपासला काय? माती किती फुगेल, किती दबेल, हे पाहिले काय? उत्तर मिळाल्यावरच पाया खणावा. नाहीतर आयुष्यभराची कमाई मातीत जायची.