झडप पाणी अडवते, ढकलत नाही

एका टाकीतून दोन वस्त्यांना स्वतंत्र नळांनी पाणी जाते. एक वस्ती उतारावर खाली आहे, दुसरी उंचावर. नळ मोकळे सोडले तर खालची वस्ती टाकी लवकर उपसते आणि वरच्या वस्तीच्या वाट्याला थोडेच पाणी उरते. म्हणून खालच्या नळावर प्रवाह-नियंत्रक झडप, म्हणजे एक प्रकारचा व्हॉल्व्ह, बसवतात. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाणी ती जाऊ देत नाही. नळांच्या जाळ्याचे गणित करताना आम्ही ही झडप कशी मांडतो, ते पाहू या.

समजा, टाकीतील पाण्याची पातळी खालच्या वस्तीतील नळाच्या तोंडापेक्षा २० मीटर उंच आहे. झडप पूर्ण उघडी असताना सेकंदाला १० लिटर पाणी वाहते आणि सगळे २० मीटर नळातील घर्षणात खर्च होतात. हा खर्च साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आता मर्यादा ५ लिटर ठेवली. प्रवाह निम्मा झाला, म्हणून नळातील खर्च पावपट, म्हणजे ५ मीटर. उरलेले १५ मीटर झडपेने खर्च करायला हवेत. तेवढी ती मिटते.

मर्यादा १२ लिटर ठेवली तर? नळातच २८.८ मीटर खर्च होतील. आपल्याजवळ आहेत २०. उरलेले ८.८ मीटर झडपेने पुरवावे लागतील. पण झडप म्हणजे पंप नव्हे! अशा वेळी झडप पूर्ण उघडी धरून गणित पुन्हा सोडवतात. उत्तर येते १० लिटर.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये उपलब्ध करून दिलेली 'एपानेट' ही विनामूल्य संगणक-प्रणाली हीच तपासणी करते. ठरवलेला प्रवाह मिळणे शक्य नसेल तर ती तसा इशारा देते. त्याकडे दुर्लक्ष करून तक्त्यात १२ लिटर लिहिले, तर वस्तीला कागदावर पाणी मिळेल, हंड्यात नाही. खरा उपाय म्हणजे नळ मोठा घालणे, टाकी उंच करणे किंवा पंप बसवणे.

विद्यार्थ्यांना दोन प्रश्न द्यावेत. मर्यादा ८ लिटर असेल तर झडपेने किती मीटर खर्च करावेत? (उत्तर : ७.२) आणि नळ आतून गंजून उघड्या झडपेचा प्रवाहच ७ लिटरवर आला, तर ८ लिटरच्या मर्यादेचा उपयोग काय?