कृत्रिम पाय मिळाला, पुढे काय?

नागपूर शहरात कृत्रिम अवयववाटपाची शिबिरे अधूनमधून भरत असतात. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात, मापे घेतली जातात, पाहुण्यांच्या हस्ते पाय दिले जातात आणि चार पावले टाकून दाखविणाऱ्या लाभार्थ्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून झळकते. या उपक्रमांमागील सद्‌भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पाय गमावलेल्या माणसाची खरी कसोटी मंडप उतरल्यानंतर सुरू होते, आणि तिच्याकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते.

कृत्रिम पाय हा चष्म्यासारखा डोळ्यांवर चढविला की काम झाले, अशा प्रकारचा नसतो. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो, त्या सॉकेटवर सारे काही अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाची सूज हळूहळू ओसरते, स्नायू आक्रसतात आणि प्रारंभी घट्ट बसणारे सॉकेट काही महिन्यांत सैल होते. मग जादा मोजे चढवून वेळ निभावून न्यावी लागते; तेही पुरेनासे झाले की नवे सॉकेट घडविण्यावाचून गत्यंतर नसते. वाढत्या वयाच्या मुलांना तर पुन्हा पुन्हा नवा पाय लागतो. पाय गुडघ्याखाली कापला गेला असेल तर चालणे तुलनेने सुकर होते; गुडघाही गेला असेल तर प्रत्येक पावलाला कितीतरी अधिक शक्ती खर्ची पडते. त्यातच, जो पाय उरलेला नाही त्याच्या बोटांत कळा येण्याचा चमत्कारिक अनुभव अनेकांना येतो. ही वेदना काल्पनिक नसते. तिचे मूळ मज्जासंस्थेत असते. घरच्यांनी तो मनाचा खेळ समजून हसण्यावारी नेऊ नये.

आपल्याकडील जीवनपद्धतीला मानवेल असा पाय घडविण्याचे श्रेय जयपूरला जाते. तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि बेताचे शालेय शिक्षण झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' सिद्ध केला. विलायती पद्धतीच्या पायाला बूट आवश्यक असे. मांडी घालून वा उकिडवे बसणे त्याने साधत नसे. रबराचे आवरण असलेला जयपूरचा पाय अनवाणी वापरता येतो आणि चिखलपाण्यातही टिकतो. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्याला या गुणांचे मोल पटवून द्यावे लागत नाही. या कार्याबद्दल डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन याच पायाच्या बळावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे सर्वविदित आहे.

अशी उदाहरणे स्फूर्तिदायक खरीच; पण सामान्य माणसाची लढाई निराळी असते. नागपूरचा मे महिना घ्या. पारा ४५ अंशांपर्यंत चढला की सॉकेटमध्ये घामाची धार लागते, मोजा भिजतो, त्वचा सोलवटते. जखम झाली की ती भरेपर्यंत पाय काढून ठेवावा लागतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा पाय सुटला की मजुरीही सुटते. मधुमेहामुळे पाय गमावलेल्यांना हा धोका अधिक. संवेदना मंदावल्याने जखम झाल्याचे त्यांना पुष्कळदा कळतही नाही. एस. टी. ची उंच पायरी, कचेरीचा दुसरा मजला, परीक्षाकेंद्रावरील जिना हे त्यांच्या वाट्याचे रोजचे डोंगर. २०१९ साली सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या स्थानकांवर उद्वाहने आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण स्थानकापर्यंतच्या उखडलेल्या पदपथाचे काय?

कायद्याने आपले कर्तव्य बऱ्याच अंशी बजावले आहे. १९९५ च्या अधिनियमाची जागा २०१६ च्या अधिनियमाने घेतली, अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ३ वरून ४ टक्क्यांवर गेल्या. सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात, हेही त्यात नमूद आहे. उणीव आहे ती नित्याच्या व्यवस्थेची. तुटलेला पट्टा शिवून देणारा, सॉकेट तासून देणारा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बारमाही उपलब्ध असला पाहिजे. गडचिरोलीच्या माणसाला एका पट्ट्यासाठी मजुरी बुडवून नागपूर गाठावे लागत असेल, तर फुकट मिळालेला पायही महागच पडतो. आणि मग तो घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडतो.

नागपूरपासून शंभरएक किलोमीटरवर, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवनाचा पाया घातला. समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या हातांना तेथे काम मिळाले आणि कामाबरोबर प्रतिष्ठाही. दयेच्या वाटेने माणूस उभा राहत नाही, हा धडा विदर्भाच्याच मातीने दिला आहे. तेव्हा पुढील शिबिराच्या आयोजकांनी किती पाय वाटले याबरोबरच, मागील शिबिरातील किती पाय आज चालत आहेत, याचीही नोंद ठेवावी. पहिला आकडा दात्याच्या समाधानाचा असतो; दुसरा, ज्याला पाय दिला त्याच्या आयुष्याचा.